बॅचचा मेळावा आणि शाळेला मदत: यादीपासून बक्षीस ठेवीपर्यंत

विचारलेलं थोडक्यात असं: दहावी होऊन २५ वर्षं झाली, बॅचचा मेळावा घ्यायचा आहे, त्या निमित्ताने शाळेला काहीतरी कायमचं द्यायचं आहे, आणि त्यासाठी आधी माजी विद्यार्थी संघ नोंदवून घ्यावा का?

आधी संघ नोंदवू नका. आधी यादी करा, मग मेळावा, मग शाळेशी बोलून एक लहान पण दरवर्षी होईल असं काम धरा. ते काम सलग तीन वर्षं चाललं तर नोंदणीचा विचार करा. उलट्या क्रमाने गेलेले संघ धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरात पडून असतात आणि त्यांचे पदाधिकारी कागदावरून नाव कसं काढायचं ते विचारत फिरतात.

यादीपासून सुरुवात करू, कारण बहुतेक मेळावे तिथेच फसतात. पहिला घोळ बॅचच्या नावातच होतो. मार्च २००१ मध्ये परीक्षा दिलेले स्वतःला ‘२००१ची बॅच’ म्हणतात, शाळेच्या दप्तरात तेच वर्ष २०००-०१ असतं, आणि घाईत कुणीतरी ग्रुपला ‘बॅच २०००’ नाव देऊन मोकळं होतं. मग वरच्या वर्गातले काहीजण आत येतात आणि आपलेच बाहेर राहतात. नाव ‘दहावी, मार्च २००१’ असं परीक्षेवरून ठेवा.

यादी मात्र परीक्षेवरून करू नका. दहावीला बसलेले तेवढेच आपले असं धरलं, की नववीत नापास झालेले, आठवीत शाळा सोडून कामाला लागलेले, मध्येच लग्न झालेल्या मुली असे सगळे गळतात. यातले बरेचजण अजून गावातच असतात. उद्या शाळेत तुम्ही पाण्याची टाकी बसवलीत तर ती भरते की नाही हे तेच बघणार आहेत. म्हणून माध्यमिक शाळा असेल तर आपण पाचवीत किंवा आठवीत आलो त्या वर्षाच्या प्रवेशांपासून यादी धरा, आणि मधल्या वर्षांत आलेल्यांची भर घाला.

ही नावं शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे दाखल झालेल्या प्रत्येकाची नोंद असलेल्या वहीत, मिळतात. हजेरीपट कालांतराने रद्दीत जातात, जनरल रजिस्टर कायम जपायचं असतं. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पण रजिस्टरच्या पानांचे फोटो मागू नका. त्या पानावर नावाशेजारी जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याचं कारण असं सगळं असतं. असा फोटो ग्रुपवर पडला की २५ वर्षांनी कुणाची तरी जात, कुणाचं तरी नापास होणं चव्हाट्यावर येतं, आणि ज्या क्लार्कने तो काढू दिला त्याला उत्तर द्यावं लागतं. एकाने कार्यालयात बसून फक्त नाव, तुकडी आणि रजिस्टर नंबर उतरवून घ्यावा. दोन तुकड्यांना अर्धा दिवस पुरतो.

मग शीट करा. रकाने एवढेच: रजिस्टर नंबर, शाळेतलं नाव, तुकडी, आताचं नाव, फोन, सध्याचं गाव, कोण शोधतंय, काय झालं. यातला ‘कोण शोधतंय’ हा रकाना कधीही रिकामा ठेवू नका. ‘कुणाकडे अमक्याचा नंबर आहे का’ असं ग्रुपवर टाकलं तर तिघे अंगठा दाखवतात आणि नंबर कुणीच देत नाही. प्रत्येकाला १० ते १२ नावं आणि तीन आठवड्यांची मुदत द्या.

मुली शोधायला वेगळी पद्धत लागते. लग्नानंतर आडनाव बदललेलं, कधी नावही बदललेलं, त्यामुळे फेसबुकवर शाळेतलं नाव टाकून काही हाती लागत नाही. माहेरचा पत्ता, भाऊ, त्याच शाळेतली धाकटी बहीण या वाटेनेच जावं लागतं. हे काम वर्गातल्या बायकांनीच करावं. अनोळखी पुरुषाने तिच्या भावाला फोन करून ‘तुमच्या बहिणीचा नंबर द्या’ म्हटलं तर तो देणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. नंबर मागण्याऐवजी आपला नंबर ठेवावा आणि ‘तिला वाटलं तर तिने करावा’ असं सांगावं. आलेला नंबर थेट ग्रुपमध्ये घालू नका, आधी विचारा. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातलं की तो नंबर ग्रुपमधल्या प्रत्येकाला दिसतो. काहीजणींना, आणि काहीजणांनाही, ते नको असतं.

वारलेल्यांच्या नावांबाबत एकच नियम. घरच्या माणसाशी बोलून खात्री झाल्याशिवाय नाव श्रद्धांजलीच्या यादीत घ्यायचं नाही. ‘तो गेला म्हणे’ एवढ्यावर नाव वाचलं जातं आणि तो माणूस परगावी धडधाकट असतो, असं घडतं.

वेळेचा हिशोब साधारण असा बसतो. चार महिने आधी यादी सुरू करायची. तीन महिने आधी तारीख नक्की करून शाळेची लेखी परवानगी घ्यायची. सहा आठवडे आधी वर्गणी सुरू, तीन आठवडे आधी ती बंद. जेवणाचा अंतिम आकडा सांगण्यासाठी वर्गणी भरलेल्यांचीच संख्या धरा, ‘येतो’ म्हणणाऱ्यांची नाही. तोंडी होकारातले पाचात एक तरी गळणार हे गृहीत धरून चालावं. तारखेसाठी ग्रुपवर मतदान घ्यायचं तर दोनच पर्याय द्या. सहा दिले की मतं विखुरतात आणि कुठल्याच तारखेला बहुमत मिळत नाही.

जागेबद्दल माझं मत ठाम आहे: शाळेतच. रिसॉर्टवर मुक्काम ठरला की खर्च वाढतो, रात्र बाहेर काढता न येणाऱ्या बायका गळतात, थकलेले शिक्षक येत नाहीत, आणि उरलेल्यांची ती सहल होते. रिसॉर्टचा हट्टच असेल तर दिवसाचा कार्यक्रम शाळेत आणि संध्याकाळी ज्यांना जायचं त्यांनी आपापल्या खर्चाने जावं. दोन्हींची वर्गणी वेगळी ठेवा.

शाळेत घ्यायचं तर परवानगी योग्य माणसाची हवी. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती, खाजगी अनुदानित शाळेत मुख्याध्यापकांमार्फत शाळा चालवणारी संस्था. इमारत संस्थेची असते, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. सुट्टीचा दिवस, किती माणसं, कुठल्या खोल्या, साफसफाई कोण करणार, शिपायाला दिवसभर थांबायचं तर त्याचं मानधन, हे सगळं अर्जात लिहा. स्पीकर लावणार असाल तर पोलीस ठाण्यात वेगळा अर्ज करा. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते, उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ तो बंद, आणि शांतता क्षेत्राच्या यादीत रुग्णालयं आणि न्यायालयांबरोबर शैक्षणिक संस्थाही येतात. खरं तर ८० माणसांना वर्गात किंवा हॉलमध्ये एक साधा माईक पुरतो. डीजे लावलात तर २५ वर्षांनी भेटलेली माणसं एकमेकांच्या कानात ओरडत बसतात.

कार्यक्रमपत्रिकेत सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे ‘परिचय’. ८० जण, प्रत्येकी दोन मिनिटं, म्हणजे २ तास ४० मिनिटं. प्रत्यक्षात पहिले दहाजण पाच-पाच मिनिटं बोलतात, निवेदक त्यांना थांबवू शकत नाही, आणि तिसाव्या नंबरपर्यंत निम्मी माणसं बाहेर चहाला गेलेली असतात. उरलेल्यांना वाटतं, आपलं कुणाला ऐकायचंच नव्हतं. त्यापेक्षा वर्गशिक्षकांनी हजेरी घ्यावी: नाव, ‘हजर’, गाव आणि काम, बस. १५ सेकंद धरले तरी २० मिनिटांत ८० नावं होतात. सविस्तर माहिती आधीच मागवून शीटमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ज्यांची हरकत नाही त्यांची सर्वांना पाठवा. हुद्दा आणि पगार सांगण्याची चढाओढ यात आपोआप टळते. रिक्षा चालवणारा आणि कंपनीचा संचालक दोघेही १५ सेकंदच बोलतात.

बोलण्याचा वेळ शिक्षकांना द्या. पण त्यांच्यासाठीची तयारी बहुतेक ठिकाणी फक्त शाल आणि सन्मानचिन्हापुरती होते. निवृत्त शिक्षकांचे पत्ते शाळेच्या कार्यालयात, संस्थेत, शिक्षकांच्या पतसंस्थेत आणि मुख्य म्हणजे त्यांच्याच सहकाऱ्यांकडे मिळतात. निमंत्रण घरी जाऊन द्यावं. प्रत्येक शिक्षकामागे एक माणूस नेमा: घरून आणणं, परत सोडणं, औषधाची वेळ, जेवणातलं पथ्य, सगळं त्याच्याकडे. कार्यक्रम तळमजल्यावरच ठेवा. पाठ टेकता येईल अशा खुर्च्या आणि जवळचं, आदल्या दिवशी धुतलेलं स्वच्छतागृह बघून ठेवा. दीड तासात त्यांचा भाग संपवा, ते थांबले तर आनंदच. शिपाई, क्लार्क, प्रयोगशाळा सहायक यांनाही त्याच रांगेत बसवा. व्यासपीठावर राजकीय पाहुणा आणलात तर वेळापत्रक त्याच्या गाडीवर ठरतं आणि सत्तरी ओलांडलेले सर ताटकळतात. नकोच.

पैशांत दोन पथ्यं पाळा. वर्गणी सर्वात कमी कमावणाऱ्याला जड जाणार नाही एवढीच ठेवा. जास्त द्यायचंय त्याने खजिनदाराला परस्पर द्यावं, आणि ‘आजपर्यंत कोणी किती भरले’ ही यादी ग्रुपवर टाकू नये. फक्त एकूण रक्कम टाका. ही यादी वसुलीसाठी टाकली जाते, पण ज्याच्याकडे पैसे नाहीत तो ती बघून गुपचूप ग्रुप सोडतो. दुसरं, सगळ्यांचं यूपीआय एकाच्या पगाराच्या खात्यावर घेऊ नका. घरखर्च आणि वर्गणी एकमेकांत मिसळतात, आणि पुढे आयकराची विचारणा झाली तर त्या एकट्याला खुलासा देत बसावं लागतं. दोघा-तिघांच्या नावाने संयुक्त बचत खातं उघडा, पैसे काढायला दोघांच्या सह्या ठेवा. मेळाव्यानंतर १५ दिवसांत जमा, खर्च, शिल्लक असा एक पानी हिशोब पावत्यांच्या फोटोंसह ग्रुपवर गेला पाहिजे. शिल्लक रकमेचं काय करायचं हे मेळाव्याच्या दिवशी, सगळे समोर असताना ठरवा. नंतर ते कधीच ठरत नाही.

आता शाळेला काय द्यायचं.

इथे बॅचेस बहुधा वस्तूकडे धावतात, कारण वस्तूवर नाव घालता येतं. संगणक, प्रोजेक्टर, पाण्याचं फिल्टर, कमान. दोन वर्षांनी जाऊन बघा: फिल्टरचं कार्ट्रिज कधी बदललेलंच नाही म्हणून तो बंद, संगणकांची बॅटरी गेलेली, वीजबिल वाढलं म्हणून प्रोजेक्टर कपाटात. शाळेची यात हयगय असतेच असं नाही, तिच्या हातात दुरुस्तीला खर्चायला पैसाच नसतो. म्हणून वस्तू द्यायचीच तर पहिल्या पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम वेगळी काढून मगच उरलेल्याची वस्तू घ्या. आणि आधी पट विचारा. वरच्या वर्गांत मुलं घटत चाललेली असतील तर नवी खोली बांधण्यात अर्थ नाही.

क्रम असा ठेवा. मुख्याध्यापकांनी लेटरहेडवर मागणीपत्र द्यावं, त्यावर शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक) असावा. शाळा व्यवस्थापन समितीचा किंवा संस्थेचा ठराव घ्या. वस्तू दिल्यावर पोच घ्या आणि डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) तिची नोंद झालेली डोळ्यांनी बघा. नोंद नसलेली वस्तू मुख्याध्यापक बदलले की कुणाचीच राहत नाही, हरवली तरी कुणी जबाबदार नाही. बांधकाम असेल तर जिल्हा परिषदेच्या शाळेत गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत आणि खाजगी शाळेत संस्थेकडून लेखी परवानगी आल्याशिवाय एक वीटही आणू नका. शासकीय आणि अनुदानित शाळा आपल्या गरजा केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवरही मांडू शकतात. तुमच्या शाळेने तिथे काय मागितलंय ते आधी बघून घ्या.

पण माझ्या मते पैशापेक्षा जास्त उपयोग होतो तो एखादं नेमकं काम अंगावर घेण्याचा. एक उदाहरण जवळून बघा: एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरातल्या मुलांसाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती. आठवीत परीक्षा, शासकीय आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी, पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला साडेतीन लाख. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये एका मुलाला. महाराष्ट्रात ही परीक्षा राज्य परीक्षा परिषद घेते. बौद्धिक क्षमता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी, प्रत्येकी ९० प्रश्न. मुलं अडतात ती बौद्धिकमध्ये, कारण ती वर्गात शिकवली जात नाही. दर शनिवारी शाळा सुटल्यावर दीड तास, जूनपासून परीक्षेपर्यंत, एवढं गावातले दोन माजी विद्यार्थी आलटून-पालटून करू शकतात. खर्च सरावपुस्तकांचा आणि झेरॉक्सचा.

खरी गळती निवड झाल्यानंतर होते. आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळत नाही, बँक खातं आधारशी जोडलेलं नाही, दरवर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचं नूतनीकरण राहून जातं, आणि दहावीनंतर शाळा बदलली की नव्या कॉलेजातल्या कुणालाच त्या मुलाची शिष्यवृत्ती माहीत नसते. बाहेरगावी असलेल्या एकाने निवड झालेल्या मुलांची यादी ठेवून नूतनीकरण सुरू झालं की प्रत्येक पालकाला फोन करायचा, एवढं काम पुण्यात किंवा परदेशात बसूनही होतं. मुलांशी थेट संपर्क मात्र ठेवू नका, बोलायचं ते शाळेमार्फत किंवा पालकांशी. शनिवारच्या तासालाही शाळेचा एक शिक्षक हजर असावा. मदत घेणाऱ्या मुलांना रांगेत उभं करून फोटो काढणं बंद करा.

नोंदणीकडे येऊ. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात अशा संस्थेची १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही नोंद होते. त्यानंतर दरवर्षी लेखापरीक्षण, आणि कार्यकारिणीत बदल झाला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. हा बदल अर्जच राहतो. दहा वर्षांनी कागदावर जुनेच विश्वस्त असतात, त्यातले दोघे वारलेले, आणि बँक नव्यांच्या सह्या घ्यायला तयार नसते. वर्षाला लाखभर रुपयेही जमत नसतील तर एवढा व्याप कशाला? एका बॅचचा संघ तर नकोच. नोंदवायचाच तर शाळेच्या सगळ्या बॅचेसचा एक.

देणगीदारांना करसवलत हवी असते, जी ८०जी नावाने ओळखली जाते. (१ एप्रिल २०२६पासून २०२५चा नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदललेत.) त्यासाठी लागणारी मान्यता शाळेच्या संस्थेकडे बहुतेक वेळा आधीच असते, तुम्हाला वेगळी काढायची गरज नाही. दोन हजारांवरच्या रोख देणगीला सवलत नाही, आणि नव्या करप्रणालीत असलेल्या माणसाला ती मुळातच मिळत नाही, हे आधी सांगून टाका. संस्थेच्या मध्यवर्ती खात्यात पैसे गेले की ते दुसऱ्याच शाखेत खर्च होण्याची भीती असते. म्हणून देणगीसोबत ‘अमुक शाळेसाठी, अमुक कामासाठी’ असं पत्र द्या आणि पावतीवरही तसंच लिहून घ्या.

परदेशातल्यांचा पैसा हा वेगळा विषय. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी विदेशी अंशदान धरली जात नाही. ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलंय, त्याची देणगी मात्र विदेशी, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असो वा नसो. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए नोंदणी (विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं लागतं. भावाच्या खात्यातून फिरवून आणण्याची पळवाट संस्थेच्या अंगाशी येते.

शेवटचं, बक्षीस ठेव, म्हणजे जिच्या व्याजातून दरवर्षी बक्षीस द्यायचं ती मुदत ठेव, कारण ‘कायमचं’ म्हटलं की बहुतेक बॅचेस इथेच येतात. ५०,००० रुपये ६ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ३,००० मिळतात. आज ते बरे वाटतात. पण पूर्वी कुणीतरी हौसेने ठेवलेल्या १,००० रुपयांचं व्याज आज ६० रुपये येतं, त्यात प्रमाणपत्राची फ्रेमही होत नाही. म्हणून दर तिसऱ्या वर्षीचं व्याज मुदलात घालायची अट लिहून ठेवा. ठेव शाळेच्या नावाने, शाळेचा किंवा संस्थेचा पॅन देऊन करा, व्यक्तीच्या नावाने कधीही नको. मूळ पावती शाळेच्या तिजोरीत, प्रत बॅचकडे, मुदत संपण्याची तारीख दोघांच्या मोबाइलमध्ये. अटी सैल ठेवा: ‘संस्कृतमध्ये पहिली येणारी मुलगी’ असं लिहिलं आणि पुढे शाळेत संस्कृतच राहिलं नाही, तर बक्षीस देता येत नाही. ‘अशी विद्यार्थिनी नसल्यास मुख्याध्यापक ठरवतील’ हे एक वाक्य घालावंच.

नवी ठेव करण्याआधी शाळेच्या ठेव रजिस्टरमधल्या जुन्या बघा. कितीतरी ठेवींचं नूतनीकरण राहून गेलेलं असतं. १० वर्षं कुणी न विचारलेल्या ठेवीची रक्कम बँकेकडून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते, पण हक्क संपत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर शाळेचं किंवा संस्थेचं नाव टाकून शोधा. सापडली तर मुख्याध्यापकांनी पदाचा दाखला, ठराव आणि जुनी पावती घेऊन त्याच बँकेत अर्ज करायचा.